एक, तीन, चार, दोन

६ फेब्रुवारी १९९४, रविवार
फियाटचं गिऱ्हाईक परत गेलं. "चालू करके दिखाइए, भाभीजी." कुठून दाखवू! इंजिनाला ठिणगी पुरवणारा डिस्ट्रिब्यूटर कपाटावर, रद्दीत गुंडाळलेला. दिवाळीत ह्यांनी तो साफ करायला काढला आणि दुसऱ्याच दिवशी अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून गाडी अंगणात मुकी. हे बोलतात, पण शब्द इकडचे तिकडे. चहाला चप्पल म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "समज शाबूत आहे, शब्द सापडत नाहीत." ते ओळखायचं कसं, मला कळत नाही.
वीस तारखेला जयू येणार. लेक आम्हा दोघांना पुण्याला नेणार, कायमचं. त्याआधी गाडी विकायला हवी.

८ फेब्रुवारी
फ्रीगंज बाजारातल्या गॅरेजमधून मिस्त्री आला. "निशान लगाए बिना निकाला है साहब ने. इंजन खोलना पड़ेगा. महीना लगेगा." महिना कुठे आहे! राहू द्या म्हटलं. खिडकीतून हे डावा हात हलवत होते — माझ्याकडे. म्हणजे मी बसवू? जन्मभर भूगोल शिकवला हो मी!

९ फेब्रुवारी
ह्यांची खुर्ची बॉनेटपाशी नेली. पाटी दिली. डाव्या हातानं लिहिलं — १ ३ ४ २. फोन नंबर? कुणाचं घर? तासभर विचारत बसले. शेवटी चिडून त्यांनी डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाच्या वायरींवर एकेक बोट ठेवलं. ठिणगीचा क्रम! चार सिलिंडर, पण ठिणगी ह्या क्रमानं पडते. एवढं बरं आठवतं. मला मात्र सकाळपासून "ताई" म्हणतायत.

१२ फेब्रुवारी
बसवला! हँडल फिरवून पुलीवरची खूण जुळवली, डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता काटा, रोटर, एक नंबरकडे, वायरी क्रमानं. चावी फिरवली — फाट्! पुन्हा — फाट्! शेजारीण धावत बाहेर आली. इंजिन काही सुरू झालं नाही.

१३ फेब्रुवारी
तसंच. हे सारखे म्हणतात, "उलटं." चादर बदलली. सदरा तपासला. पेपर फिरवून दिला, तर भिरकावला. मी ओरडले — "काय उलटं? नीट सांगा ना!" ते रडले. मग मीही.

१५ फेब्रुवारी
आज त्यांनी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायला लावला. भोकावर स्वतःचा अंगठा दाबला. मी हँडल फिरवलं. खूण जुळली — त्यांची मान, नाही. आणखी एक फेरा. खूण पुन्हा जुळली, आणि ह्या वेळी आतल्या हवेनं त्यांचा अंगठा उडवला. "हां!"
म्हणजे खूण दोनदा येते! हवा दाबली जाते त्याच फेऱ्याला ठिणगी हवी. मी नेमका दुसरा फेरा धरला होता. रोटर उलटा!
डिस्ट्रिब्यूटर उचलला, रोटर अर्धा फिरवून बसवला. चावी. सुरू!! अंगण धुरानं भरलं. हे वाकड्या तोंडानं हसत होते.
दोन दिवस बरोबरच शब्द बोलत होते. मीच त्यांना वेडं ठरवलं.

१८ फेब्रुवारी
गिऱ्हाइकाला निरोप धाडायचाय. धाडला नाही. का, ठाऊक नाही.

२० फेब्रुवारी
जयू आली. मीच म्हटलं, "बाबांना विचार, त्यांना सगळं कळतं." तिनं विचारलं, "बाबा, यायचं ना पुण्याला?"
"नाही." स्वच्छ. शब्द अगदी जागेवर.
जयूनं मला विचारलं, "शब्द चुकला का गं?" तिला सांगितलं नाही ते इथे लिहिते: मला जायचंय.