हिरवा ठिपका

प्रिय गुनिला,

दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही आणि आज पत्र लिहितेय, तेही चौकापलीकडच्या घरी. मी फार घाबरले आहे गं. राग असेल तो असू दे, पण शेवटपर्यंत वाच.

विमा कंपनीचं आपलं ऑफिस बंद करून सगळ्यांनी घरून काम करावं, या संमतीपत्रावर मी सही केली आणि तू नोकरीच सोडलीस. जाताना म्हणालीस, ‘साडेनऊच्या कॉफीला कोण आलं नाही हे इथे पाच मिनिटांत कळतं. घरी कोण विचारणार?’ मी तुला सगळ्यांसमोर चिडवलं, ‘दालचिनीचे बन बुडणार म्हणून रडतेस होय!’ सगळे हसले, स्तेलान तर सगळ्यांत मोठ्याने.

मग कॉफी पडद्यावर आली. सुरुवातीला चेहरे तरी दिसायचे. पुढे केस विंचरायचा कंटाळा येऊ लागला आणि एकेकाने कॅमेरा बंद केला. उरली नावं, आणि नावापुढचा ठिपका. कामावर असलं की तो हिरवा, दहा मिनिटं हात हलला नाही की पिवळा. आमची नवी साहेबीण फिलिपा दर शुक्रवारी तक्ता पाठवते: कोण किती वेळ हिरवं, किती दावे निकालात निघाले. आकडा आमच्या गटातल्या चौघांचा मिळून एकच असतो, त्यामुळे एक मागे पडला की चौघांची मान खाली.

मागे पडायचा तो स्तेलान. बायको गेल्यापासून तो मधेच उठून खिडकीशी उभा राहायचा. ‘काका, तुमच्या पिवळ्यापायी आम्ही मरतोय,’ असं आमच्यातली धाकटी, टिल्डा, एकदा तोंडावर बोलली. मला वाईट वाटलं. खरं सांगू? आकड्याचंही वाटलं. माऊसखाली ठेवायची एक चकती मिळते, ती माऊस आपोआप हलवत राहते, म्हणजे ठिपका दिवसभर हिरवा. एका डब्यात दोन होत्या. एक मी ठेवली, एक त्याला नेऊन दिली. ‘उल्रिका, तू देवमाणूस आहेस,’ म्हणाला. सहा महिन्यांत त्याला प्रत्यक्ष पाहिलं ते तेवढंच.

गेल्या सोमवारी सकाळी संगणक सुरू करून तो पाणी प्यायला उठला आणि स्वयंपाकघरात कोसळला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ठिपका मात्र हिरवाच. मंगळवारच्या कॉफीला तो बोलला नाही, तर मीच म्हटलं, ‘स्तेलानच्या तोंडात बन आहे वाटतं!’ पुन्हा सगळे हसले. त्याचे दावे तसेच पडलेले दिसले, तेव्हा वाटलं, आज बिचाऱ्याचं मन लागत नसेल. म्हणून त्यातले पाच मी केले, चार टिल्डाने. कुणाला कळू नये म्हणून त्याच्याच नावावर टाकले. इतकी एकजूट आम्ही ऑफिसातही कधी दाखवली नव्हती.

त्याला वाचवलं ते त्याच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी. बुधवारी सकाळी इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत त्याची पाळी होती. तीस वर्षांत त्याने ती कधी चुकवली नव्हती. यंत्र रिकामं बघून, ‘तुम्ही येत नसाल तर मी धुऊ का?’ एवढंच विचारायला त्या वर गेल्या. आतून फरशीवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. तो डावा हात आपटत होता, गुनिला. दोन दिवस आपटत होता.

डॉक्टर म्हणाले, सोमवारीच आणलं असतं तर बोलू शकला असता. आणि शुक्रवारचा तक्ता आला. त्याच्या घरी चकती अजून चालूच होती: स्तेलान, हजेरी शंभर टक्के. खाली फिलिपाने लिहिलं होतं, या आठवड्यात तुमचा गट पहिला. तिला अजून काहीच ठाऊक नाही. चकती कुणी दिली हे त्याची लेक मला दवाखान्यात विचारत होती आणि मी मूग गिळून बसले. उद्या तिला भेटून सांगणार आहे.

माझी चकती मी काढून टाकली. तरी भीती जात नाही. मीही एकटीच राहते, आणि मी कोसळले तर माझेही दावे कुणीतरी मायेने करून टाकेल. पाकिटात माझ्या घराची किल्ली आहे. ती द्यायची म्हणूनच पत्र लिहिलं. माफी मागायला तोंड नाही, तरी एवढं मागते: रोज सकाळी साडेनऊला मी तुला फोन करीन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसता उचल. आणि ज्या दिवशी तो वाजणार नाही, त्या दिवशी रागावून बसू नकोस गं. किल्ली घे आणि वर ये.

तुझीच,
उल्रिका