नामाचा डिटेक्टिव्ह कोट

रवि. ८ एप्रिल ७३, वरवंड
जत्रेच्या तंबूत खुनाचा पिक्चर. मी आन् धाकटा भाऊ नामा. पोचलो तर नावं पडून गेलेली, पुढची बाजू गच्च. मग पडद्याच्या मागच्या अंगाला बसलो. खून कुणी केला, देवाला ठावं. मी शिंपी माणूस, डिटेक्टिव्हचा कोटच बघत राहिलो. गुडघ्याखाली उतरलेला, कॉलर उभी, कमरेला पट्टा. धुक्यात नुसता कोट दिसला तरी छातीत धस्स व्हायचं. गडी डावखुरा, पिस्तूल डाव्या हातात. आन् काजं उजव्या अंगाला, बायकांच्या कपड्यागत! नवी फॅशन असंल.

सोम. ९
नामाचा हट्ट. रविवारी मामांबरोबर दौंडला पोरगी बघायला जायचंय, तसाच कोट पायजे. पोरगी कुसुम. बाप रेल्वेत, ती थेटरातला एक पिक्चर सोडत न्हाई म्हणे. आमचा नामा लाजाळू. मागच्या दोन स्थळांपुढं तोंडच उघडलं न्हाई. कोटानं तरी धीर येईल बिचाऱ्याला.

गुरु. १२
काजांवरनं कारभारणीशी वाजलं. म्हणते, भावजींचं हसं कराल. म्हटलं, डोळ्यांनी बघितलंय. उजवीकडंच केली. राखाडी टेरिकॉट, कॉलरीत दुहेरी कॅनव्हास. नामा आरशापुढनं हलंना. एवढा ताठ उभा कवा बघितला नव्हता. लई बरं वाटलं.

रवि. १५, दौंड
ऊन मरणाचं, पठ्ठ्यानं कोट काढला न्हाई. कुसुम चहा घेऊन आली, कोट बघितला आन् पदर तोंडाला. मग सरळ नामालाच, "तुम्ही पिक्चर पडद्यामागनं बघितला का?"
तवा कुठं टकुऱ्यात उजेड पडला. तिकडनं डावं-उजवं समदं उलटं दिसतं! मेल्याहून मेल्यागत झालं. पण नामा बोलला, आमचा मुका नामा. "व्हय. पुढं जागा नव्हती."
ती पुन्हा हसली. तिच्या आईनं तिला आत नेलं.

मंगळ. १७
निरोप न्हाई. नामा धड जेवत न्हाई. कोट खुंटीला. काजं कापलेली, आता काय उसवणार...

शुक्र. २०
मामा दौंडहून आले. होकार का नकार? म्हणे, पोरगी तसलं काय बोलली न्हाई, कोट तेवढा मागितलाय.
"म्हणाली, काजं माझ्या बाजूला हायत, मलाच बसंल."
कारभारणी हसत सुटली. नामा विचारतोय, दादा, याचा अर्थ काय धरायचा? मी कंबर आत घ्यायला शिवण उसवलीय. पण कुसुमचं माप?