पुनाच्या फटफट्या

धुळे, ७ एप्रिल १९९१

ती. आबांस,
विशाखाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

छगनकाकांबरोबर गुडघ्याचं तेल पाठवलं आहे. मागच्यासारखं सायकलच्या साखळीला घालू नका.

आमच्या पथकाचं पहिलं काम परवा नरडाण्याला झालं. निवृत्त फौजी वारला की त्याच्या अंत्ययात्रेपुढे आमच्या सहा मोटारसायकली संथ चालवायच्या, एवढंच आमचं काम. पण दिवस निवडणुकीचे. चौकात एकाने विचारलं, प्रचार कोणत्या पक्षाचा, आणि दुसऱ्याने चिन्ह विचारलं. त्यात रुपचंदची बुलेट इतकी पुढे गेली की अंत्ययात्रा दोन गल्ल्या मागे राहिली. मला रडू आलं. तुम्ही हसाल, हे ठाऊक आहे.

तुमची नात,
विशाखा

जामनेर, १३ एप्रिल

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद.

हसलो. तेल गुडघ्यालाच लावलं, साखळीला फक्त उरलेलं. बी.ए.ला हळू चालायचं शिकवत नाहीत असं दिसतं. तुझी लुना सगळ्यांच्या पुढे ठेव. तिला ओलांडून जायची बुलेटला लाज वाटेल. आणि मेलेल्या माणसाला गाडी पकडायची नसते, हे रुपचंदला सांग.

तुझं पत्र पुनाला वाचून दाखवलं. आमच्या पलटणीचा स्वयंपाकी, तुला लहानपणी गुळाचा शिरा करून घालायचा तो. दम्याने खाटेला खिळला आहे. डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "तोताराम, मना पुढे फटफट्या चालतीन का?" त्याच्या वतीने विचारतो आहे. लवकर कळव.

तुझा आबा

धुळे, १९ एप्रिल

ती. आबांस,
सप्रेम जयभीम.

लुनाची युक्ती लागू पडली. रुपचंद म्हणतो, त्याच्या बुलेटचा असा अपमान आजवर झाला नव्हता.

पुनाबाबांचं मात्र लिहायला जड जातं. आमच्या नियमात 'लढलेला सैनिक' असे शब्द आहेत. ते मीच लिहिले. स्वयंपाकी त्यात बसत नाही, आणि एकासाठी नियम मोडला तर तो नियम कसला? रागावू नका.

विशाखा

जामनेर, २४ एप्रिल

चि. विशाखास,
आशीर्वाद.

रागावलो नाही. लडाखात आमच्या चौकीवर हा माणूस पाठीला डबे बांधून गोळीबारातून चढायचा. हातात बंदूक नव्हती, झारा होता. वर पोचल्यावर भात गार झाला म्हणून माफी मागायचा. तो भात पोटात होता म्हणून मी परत आलो. मी परतलो नसतो तर तुला कॉलेजात कोणी घातलं असतं? आणि मग हा नियम कोणी लिहिला असता?

पुना रोज विचारतो. तुझं उत्तर टपालात अडकलं आहे, असं त्याला सांगून ठेवलं आहे.

आबा

धुळे, २९ एप्रिल

ती. आबांस,
जयभीम.

'लढलेला' हा शब्द खोडला. आता 'फौजेत राबलेला' असं आहे. खोडताना माझी मलाच लाज वाटली. पुनाबाबांना सांगा, टपाल पोचलं. वेळ आलीच तर दलिचंद शेठच्या दुकानावर फोन करा, आम्ही लगेच निघू.

विशाखा

जामनेर, १४ मे

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद.

सगळे सुखरूप पोचलात ना? एकशेतीस किलोमीटर बुलेटच्या मागच्या सीटवर बसून आलीस, कंबर शाबूत आहे का ते लिही.

तुझं पत्र पुनाने दोनदा वाचून घेतलं. गाड्या किती, विचारलं. सहा म्हटल्यावर म्हणाला, "बठ्ठासले चहा पाजजो." म्हणून परवा त्याला पोचवून आल्यावर चहाशिवाय कोणाला सोडलं नाही.

लुना धुळ्याला राहिली, तेव्हा गाड्यांच्या पुढे मीच चाललो. माझ्या गुडघ्यांपेक्षा हळू जामनेरात दुसरं काही नाही. तू मागे होतीस, म्हणून तुला कळलं नसेल. बाजारात एका दुकानदाराने मला हटकलंच, एवढ्या फटफट्या, प्रचार कोणाचा?

मी म्हटलं, "पुनाचा. बिनविरोध आला."

दुकानदाराने गाड्यांमागून येणारी तिरडी पाहिली, आणि टोपी काढून उभा राहिला.

लोभ आहेच. तेल संपलं आहे.

तुझा आबा