एका डब्यात तीन भुंगेरे

डोंबिवली पूर्व,
८ जुलै २०२५

चि. सलिलला आईचे आशीर्वाद, क्षिप्रालाही.

मी बरी आहे. गुडघाही बरा आहे, तेव्हा तो विषय काढू नकोस. रविवारी मला माजिवड्याला तुमच्याकडे कायमचं न्यायला तू टेम्पो ठरवलायस, त्याबद्दल लिहायचंय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आधी तू खडवलीहून आणून माझ्याकडे सांभाळायला ठेवलेले वाघ-भुंगेरे. मजेत आहेत. म्हणजे, आहे. सांगते.

दिवसभर मातीत गडप आणि दिवेलागणीला बाहेर आले की काय ती झळाळी! पाठ हिरवी की जांभळी हे ठरवेस्तोवर पसार. इतके जोरात धावतात की स्वतःलाच दिसेनासं होतं, मग मध्येच थांबून सावज शोधतात. तू स्कूटर शिकत होतास ते आठवलं. त्यांना पोरकिडे मिळावेत म्हणून मी तांदूळ निवडणंच सोडलं. शेजारच्या विमलाबाई म्हणाल्या, "अहो हेमाताई, तांदळात किडे झालेत!" मी म्हटलं, "झाले नाहीत, पाळलेत." तेव्हापासून त्या माझ्याकडे जेवत नाहीत.

तर, तू तिघांना तीन वेगळ्या डब्यांत ठेवलं होतंस. मला बघवेना. एकटा जीव, बोलायला कोणी नाही, दुखलंखुपलं तर कोण बघणार? तू मला म्हणतोस अगदी तेच. शुक्रवारी मी तिघांना मोठ्या डब्यात एकत्र केलं आणि निश्चिंत झोपले. सकाळी एकच उरला होता. चांगला गुटगुटीत. बाकीच्यांचे नुसते चकचकीत पंख पडले होते.

मला रडूच आलं रे. चिखलात उतरून आणले होतेस तू ते. माफ कर.

क्षिप्रा गुणाची आहे. गेल्या खेपेला मी तिचे मसाल्याचे डबे माझ्या पद्धतीने लावले, तिने गोड हसून परत जागेवर ठेवले, मग मीही गोड हसले. आठवड्याभरात दोघींचे गाल दुखायला लागले. तू मध्ये बसून मोबाइल बघत होतास.

संध्याकाळी कधी कधी घर खायला उठतं, खोटं कशाला सांगू? पण ते माझं घर आहे, सलिल. टेम्पोवाल्याला नाही म्हणून सांग. मी रुसून इथे राहत नाहीये. तुम्ही दोघं मला फार आवडता आणि ते तसंच राहावं असं वाटतं.

रविवारी दोघं जेवायला या. तांदूळ नवे आणलेत.

डोंबिवलीतच राहणारी,
तुझी आई