चेंडू तळ्यापलीकडे

प्रिय ठमे,

अगं, चेंडू तळ्यापलीकडे गेला! पलीकडे! आजवर आपण दोघींनी त्या तळ्यात इतके चेंडू घातलेत की ते बुजलं कसं नाही, याचंच नवल. आणि मारून झाल्यावर पाठीत कळ नाही की काही नाही. मी अशी किंचाळले की शेजारच्या माणसाने हातातली स्टिकच टाकली. पाठीपायी डॉक्टरांनी गोल्फ विसरा म्हटल्यापासून मी घरात कशी धुमसत होते, ते तुला ठाऊकच आहे.

शेवटी व्यायामासाठी एका फिजिओकडे गेले, तर ती पोरगी मोठी खमकी निघाली. तिनं मला भिंतीकडे पाठ करून उभं केलं आणि आधी एक कुल्ला भिंतीला टेकवा, मग दुसरा, म्हणाली. मला जमेचना! खांदे वळायचे, पण खालचं सगळं ठोकून बसवल्यासारखं गच्च. मग डोक्यात उजेड पडला. आपल्याला गोल्फ शिकवणारे सर ओरडायचे ना, चेंडू मारताना डोकं हलवू नका म्हणून? आपण इतक्या शहाण्या की डोक्याबरोबर कंबरसुद्धा हलवली नाही! वर्षानुवर्षं खुबे जागच्या जागी आणि सगळा पीळ बिचाऱ्या पाठीला. हसू नकोस, तूही तशीच उभी राहतेस.

तेव्हापासून घरभर माझे प्रकार चालू आहेत. सकाळी गालिच्यावर कुशीवर पडून वरचा हात मागे उघडते. पहिल्या दिवशी आमच्या ह्यांना वाटलं, माझं कानातलं सोफ्याखाली गेलं, तर तेही गुडघे टेकून शोधायला लागले. भाजी चिरताना एका पायावर उभी असते. खुबे मोकळे झाले तशी पाठ गप्प बसली. गाडी मागे घेताना आता वळून बघता येतं बाई, नाहीतर आमच्या फाटकाची दशा तू पाहिलीच आहेस.

आता मुद्द्याचं. कंटाळा आला म्हणून खेळ सोडला, असं तू मला फोनवर सांगितलंस आणि मी वेडीनं ते खरं मानलं. परवा तुझी सून बाजारात भेटली. क्लबातल्या बायका नवी जोडीदारीण घे म्हणून तुझ्या मागे लागल्या होत्या, आणि ती नसेल तर मीही नाही, असं सांगून तू सगळ्यांना वाटेला लावलंस, हे तिच्याकडून कळलं. भर बाजारात रडले गं. कंटाळा म्हणे! खोटारडी कुठली! तर ऐक, जोडीच्या सामन्याला दोघींची नावं देऊन आले आहे, तुला न विचारता. रविवारी सकाळी दारात गाडी घेऊन येते. तयार नसलीस तर गाऊनमध्येच उचलून नेईन. तेवढी ताकद आता आहे माझ्या कंबरेत.

तुझीच,
जोडीदारीण