निम्मी करडं आबांची

कुमार,

चहा झाकून ठेवलाय, गरम करून घे. मी अयोध्याला आणायला तिच्या सासरी, जळकोटला चाललोय. तू उठेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण पाय घरात ठरेनात.

आबा गेल्यापासून पत्ता लागत नव्हता ते त्यांचे पैसे सापडले. बँकेतून काढून त्यांनी ते अयोध्याला दिले नव्हते. त्या पैशांच्या शेळ्या घेऊन रामलिंगच्या वाटेवरच्या दगडोबाकडं अर्धलीनं दिल्या होत्या. सांभाळायचं त्यानं, निम्मी करडं त्याची, निम्मी आपली.

शिकवणीच्या मुलांना मी घरचंच गणित आणायला सांगतो ना, काल दगडोबाच्या नातीनं, वैष्णवीनं, हेच आणलं. "गुरुजी, निम्मी करडं तुमच्या आबांची, मग आमाला किती राहत्यात?" मी खडू हातात घेऊनच तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो.

दगडोबा म्हणाला, "आबांनी बजावलं व्हतं, तिघं भावंडं संगं आल्याबिगर कुणाला सांगायचं न्हाय. तुमी दोगं भाऊ अन् तुमची भैन तर एकमेकाच्या दारात जात न्हाय. आता पोरीनंच फोडलं, तर काय लपवू?" कळप बघितला मी. लई गोड करडं आहेत रे.

दुपारी दगडोबाकडं ये, मी तिला घेऊन थेट तिथंच येतो. तू तिला सगळ्यांसमोर चोर म्हणालास, तेव्हापासून अयोध्यानं माहेरचा उंबरा ओलांडलेला नाही. मी तिला फक्त "चल" म्हणणार आहे. बाकीचं तू सांगायचं, फोनवर नाही, समोर. आणि करडं मोजायच्या आधी.

भागवतदादा