हँडलर सापडला नाही

१० ऑक्टोबर २००८, शुक्रवार

दसऱ्याची सुट्टी संपली आणि डोक्याला ताप सुरू! दवाखान्यांकडून येणाऱ्या औषधांच्या ऑर्डरी सिस्टिममध्ये शिरतात आणि तिथेच अडकतात. स्क्रीनवर एकच ओळ — या संदेशाचा हँडलर सापडला नाही. म्हणजे निरोप आलाय, पण तो घेणारा प्रोग्रॅमच जागेवर नाही. बुधवारी दुपारपर्यंत होता की! पाय फुटले काय त्याला?

प्रोग्रॅम आमच्या ऑफिसातल्या कंत्राटी रामदासने लिहिलेला. बाकी सगळे चालू, नेमका ह्याचाच गायब.

११ ऑक्टोबर

नावं जुळवून बघितली, सेटिंग दोनदा तपासलं. सगळं बरोबर. ऑर्डरी फोनवर घेतोय, घसा बसला.

रामदास म्हणतो, "मला पाच मिनिटं सर्व्हर रूममध्ये जाऊ दे ना." किल्ली माझ्याकडे. देते! पुरावा पुसायला? पुढे काहीतरी सांगत होता, मी ऐकलंच नाही. ह्याचं कंत्राट दिवाळीला संपतंय. आपल्यावाचून अडतं हे दाखवायला याहून सोपी युक्ती कुठली?

१३ ऑक्टोबर

आमचं ऑफिस उभं आहे तिथेच बाबा कामाला होते ती कापडगिरणी होती. रात्री जेवताना रामदासचं नाव निघालं. बाबांचा घास हातातच राहिला. "शिवाचो झील मा तो? बापाशीर गेलो!"

रामदासचे वडील शिवाकाका गिरणीत बाबांच्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर होते. संपात चोरून कामावर गेले म्हणून चाळीने त्यांना टाकलं. सव्वीस वर्षं झाली, हळदीकुंकवालासुद्धा त्यांच्या घरी कोणी बोलावणं करत नाही. रक्तातच असणार.

१४ ऑक्टोबर

मी गेले तसा रामदासने फोन उलटा ठेवला. का?

१६ ऑक्टोबर

आमच्या साहेबांना, हेमचंद्र सरांना सांगून टाकलं, प्रोग्रॅम रामदासनेच काढलाय. "खात्री आहे?" "शंभर टक्के, सर." बोलताना जीभ जरा अडखळली. पण मी कशाला घाबरू? चोर तो!

२१ ऑक्टोबर

रामदासला काढलं. डबा पिशवीत भरताना एवढंच म्हणाला, "निदान एकदा नीट विचारायचंस गं." नाटकी मेला! त्याच्या धाकटीची दहावी आहे यंदा, हे कशाला आठवलं मला?

२४ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. सर्व्हर रूमच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरची झेंडूची माळ काढली, पार सुकलेली. माळेखालचा मशीनचा दिवा विझलेला.

आई गं!

खंडेनवमीची पूजा मीच केली होती. बाबा सांगतात, "चालू साच्यार कुंकू लावूचा नाय, त्याका निजान्दे." नवे सर्व्हर बंद करायची परवानगी नाही, म्हणून हेच डबडं बंद केलं, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. परत चालू करायचं कोणाच्या ध्यानातून गेलं? माझ्याच!

बटण दाबलं. दोन मिनिटांत त्याच डबड्यावरचा रामदासचा प्रोग्रॅम उठला आणि अडकलेल्या ऑर्डरी भराभर गेल्या. तेवढ्यासाठीच पाच मिनिटं मागत होता तो. मी केलं हे. मी! सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता दुसरा माणूस ठरलाय."

२५ ऑक्टोबर

बाबांना सांगितलं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "शिवाक संपात गिरणीत जाताना कोणीच बघूक नाय गो. आमी नुसता म्हटला."